सगळ्या वस्तीची आंघोळ

चौथीची परीक्षा झाली आणि त्या उन्हाळ्यात मला जन्मात पहिल्यांदा एक अख्खी भिंत खराब करायची परवानगी मिळाली. 'खराब' हा आईचा शब्द. आमच्या बाई म्हणायच्या 'सजवायची'. भिंत नव्या शाळेची होती आणि शाळा आमच्या वस्तीने स्वतःच्या हातांनी बांधली होती, दापोडीत, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. तोवर आमचे वर्ग विहाराच्या ओसरीत भरायचे. वस्तीत लग्न निघालं की ओसरी जायची आणि गणित बुडायचं, म्हणून मला लग्नं फार आवडायची.

वस्तीत तेव्हा दोनच जाती होत्या, गुरुवारवाले आणि रविवारवाले. ज्यांच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी ते गुरुवारवाले. जे सरकारी वर्कशॉपात, डेपोत होते आणि रविवारी घरी असायचे ते रविवारवाले. बांधकाम सुट्टीच्या दिवशी चालायचं, त्यामुळे आमची शाळा आठवड्यातून दोनदा वाढायची. गुरुवारवाल्यांनी रचलेल्या विटांना रविवारवाले ओळंबा लावून बघायचे आणि नाकं मुरडायचे. पुढच्या गुरुवारी त्याची सव्याज परतफेड व्हायची. गवंडी मात्र दोघांचा एकच, बीडकडचा. आम्ही पोरं त्याला गवंडीमामा म्हणायचो. तो दोन्ही तटांना मोजून सारख्या शिव्या द्यायचा, म्हणून तो दोघांनाही आपला वाटायचा.

एप्रिलमध्ये छताचा स्लॅब ओतला. त्या दिवशी अख्खी वस्ती रांगेत उभी राहिली आणि घमेली हातोहात वर गेली. काम संपल्यावर गवंडीमामाने स्लॅबवर चिकणमातीचे छोटे बांध घातले, भाजीचे वाफे करतात तसे, आणि खाली उतरून सगळ्यांना दम भरला, "सिमिट तहानलेलं ऱ्हातंय. रोज पाणी पायजे, महिनाभर. ह्ये वाफे सुकले आन् स्लॅबला तडा गेला, तर मला नाव ठिवायचं न्हाई."

तेव्हापासून वाफे रोज सकाळी भरलेले असायचे. गुरुवारवाले म्हणायचे, आमची माणसं भरतात, आम्हाला गाजावाजा करायची सवय नाही. रविवारवाले गालात हसायचे, कारण त्यांच्या मते ते काम त्यांच्या माणसांचं होतं. कोण भरतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि प्रत्येकाला ठाऊक होतं.

भांडण पेटलं ते पाटीवरून. शाळेच्या दाराशी दगडी पाटी बसवायची, त्यावर काम केलेल्यांची नावं कोरायची. पण पहिलं नाव कुणाचं? दोन बैठका झाल्या, दोन्ही मोडल्या. तिसरीत आमच्या बाई उठल्या. बाई पुण्याहून बसने यायच्या, बारक्या होत्या, पण आवाज असा की रुळावरून मालगाडी जात असतानाही पाढा ऐकू यायचा. त्या म्हणाल्या, "पाटीच नको. जो जो कामाला आला, त्याचा चेहरा मुलं भिंतीवर काढतील. नावं एकाखाली एक येतात, चेहरे एका ओळीत काढता येतात."

सगळे गालांवरून हात फिरवायला लागले. आपला चेहरा भिंतीवर कसा दिसेल, याचा विचार करायला लागले असणार. मग टाळ्या पडल्या.

बाईंनी कामाला आलेल्यांची यादी केली, एकेका नावाची चिठ्ठी केली आणि सगळ्या चिठ्ठ्या सिमेंटच्या घमेल्यात टाकल्या. नियम एकच, आपल्या घरचं माणूस आपण काढायचं नाही. चिठ्ठीत घरचं कुणी निघालं तर परत टाकून दुसरी उचलायची. नाहीतर जो तो आपल्या बापाला ताडाएवढा काढील, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. बाई नावं वाचत होत्या आणि मी कान टवकारून ऐकत होते. आईचं नाव आलं. शेजारणीचं आलं. चहा करून पाजणाऱ्या आजीचंसुद्धा आलं. बाबांचं आलं नाही.

"बाई, माझे बाबा राहिले," मी म्हटलं.

बाईंनी यादी पुन्हा पाहिली. त्या काही बोलायच्या आत गुरुवारवाल्यांच्या म्होरक्याची पोरगी बोलली. माझ्याच वर्गात होती. तिला मी इथे पुढारीण म्हणते, कारण ती तशीच होती.

"तिचे बाबा कुठं आले कामाला? त्ये झोपत्यात की दिवसभर!"

पोरं खो खो हसली. मी तोंडाळ म्हणून वस्तीभर प्रसिद्ध होते, पण ती खरं बोलत होती. बाबा एका कंपनीत बॉयलरवर होते आणि कायम रात्रपाळीला. सकाळी सात-साडेसातला रुळांच्या कडेने चालत घरी यायचे, भाकरी खायचे आणि आडवे व्हायचे. मग त्यांना उठवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. गुरुवार असो की रविवार, घमेली वाजायला लागायची तेव्हा ते घोरत असायचे. स्लॅबच्या दिवशीसुद्धा. आई त्या दिवशी त्यांना तीनदा हलवून आली, चौथ्यांदा पदर खोचून एकटीच रांगेत जाऊन उभी राहिली.

बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अजून काम आहे गं. एक दिवस तरी येऊ देत त्यांना. मी लगेच चिठ्ठी करीन."

मी घरी पळत गेले आणि झोपेतल्या बाबांना सगळं सांगितलं. भिंत सांगितली, चिठ्ठ्या सांगितल्या, पुढारीण सांगितली. ते "हूं" म्हणाले आणि कुशीवर वळले. मला इतका राग आला की मी त्यांच्या उशाचा पाण्याचा तांब्या उचलून बाहेर नेऊन ओतला. हा सूड फार मोठा होता. बॉयलरला एक काचेची नळी असते, आतलं पाणी तिच्यात दिसतं आणि ते खुणेच्या खाली जाऊ द्यायचं नसतं. रात्रभर बाबांचं तेवढंच काम. त्यामुळे घरातला माठ अर्धा झाला तरी त्यांना चैन पडत नसे. रिकामा तांब्या पाहिला की ते झोपेतून उठून भरून आणायचे. शाळेसाठी मात्र उठत नव्हते.

मग मी ठरवलं, काही झालं तरी बाबा भिंतीवर येणार. कसे, ते ठरलं नव्हतं.

मला चिठ्ठीत गवंडीमामा निघाला. पुढारिणीला निघाली माझी आई. यापेक्षा वाईट वाटणी होऊ शकली नसती.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस वस्तीला खूळ लागलं होतं. आम्ही पोरं पाट्या आणि खडू घेऊन आपापल्या माणसामागे हिंडत होतो. माणूस नळावर गेला, पोर नळावर. माणूस बसच्या रांगेत, पोर रांगेत. आणि मोठी माणसं? आम्हाला बघितलं की सरळ उभी राहायची. ज्यांनी आठवडाभर दाढी केली नव्हती ते रोज दाढी करायला लागले. न्हाव्याला कळेना की कसला सण आलाय. एका काकांनी हट्ट धरला की खिशाला पेन लावलेलं काढायचं, आणि पेन उसनं आणून तासभर उभे राहिले. एका मावशी म्हणाल्या, "मला जरा बारीक काढ गं, भिंतीला तेवढाच रंग कमी लागंल." एकांनी आपल्याला स्कूटरवर बसवायला सांगितलं. बुक केलेल्या स्कूटरचा नंबर लागायला अजून काही वर्षं होती, पण ते म्हणाले, शाळा तर राहणारच आहे ना तोवर.

गवंडीमामा मात्र जागेवर थांबायचाच नाही. मी समोर बसले की पाठ करायचा, मागे बसले की तोंड फिरवायचा. शेवटी कंटाळून म्हणाला, "काहून मागं लागलीस लेकरा? माझं तोंड काय बघायचंय, मिशी काढ आन् मोकळी हो." मग मी मिशी काढली आणि तिच्या आजूबाजूला जमेल तेवढा मामा बसवला.

रंगांची कथा वेगळीच. वस्तीतल्या बापांनी आपापल्या कंपनीतून उरलेल्या ऑइलपेंटचे डबे द्यायची तयारी दाखवली. पण आमच्या माणसांच्या कंपन्यांत रंग दोनच, मशिनचा हिरवा आणि मशिनचा करडा. बाईंच्या डोळ्यांपुढे हिरव्या तोंडांची रांग उभी राहिली असावी. त्यात गवंडीमामाही म्हणाला की ओल्या गिलाव्यावर तेलाचा रंग फुगून निघतो. तेव्हा रंग घरीच करायचे ठरले. चुन्याने भिंत पांढरी केली. गेरू आणला, पिवळी माती आणली, कपड्यांची नीळ आणली, चुलीवरच्या तव्यांच्या बुडाची काजळी खरवडली. पक्के बसावेत म्हणून बाईंनी त्यात गव्हाच्या पिठाची खळ कालवायला सांगितली. आम्ही कालवली. अर्धी कालवली खरी. उरलेल्या खळीने पोरांनी एकमेकांचे केस चिकटवले.

आणि मग भिंत! एकेकाला एकेक हात रुंदीची जागा, खडूने आखलेली. सकाळी आठला आम्ही सुरू करायचो आणि ऊन चढलं की बाई हाकलायच्या. चेहरे एका ओळीत यायचे ठरले होते, पण कुणाचं डोकं वर गेलं, कुणाचे पाय उरलेच नाहीत. एका पोराला मानच काढता येईना, त्याची माणसं खांद्यातूनच सुरू व्हायची. एकीने कान विसरले आणि आठवण आल्यावर दोन्ही एकाच बाजूला काढले. पेनवाल्या काकांचं पेन त्यांच्या हाताएवढं झालं, आणि ते येऊन बघून खूश होऊन गेले. रुळांवरून गाडी गेली की खिडकीतली माणसं हात करायची, आम्ही ब्रशांसकट हात करायचो, आणि नीळ सगळ्यांच्या तोंडावर. आई रोज संध्याकाळी मला घासायची आणि म्हणायची की भिंतीपेक्षा जास्त रंग हिच्यावरच आहे. मी एवढी आनंदात नंतर कधी राहिले असेन तर मला ते आठवत नाही.

फक्त पुढारिणीने माझ्या आईला फार दात काढले होते. मी मोजले, तेवढे दात माणसाला नसतात. मी तक्रार केली तर ती म्हणाली, "तुजी आई हसती किती! मी काय करू?" हेही खरंच होतं.

त्या दिवसांत बाबा घरी यायचे ते पायजमा गुडघ्यापर्यंत भिजवून. आई करवादायची, "कुठं डुंबून येता रोज? इथं आमाला हंड्याला रांग!" बाबा म्हणायचे, "वाटंत पाय धुतो." आईला तेवढं पुरत नसे, पण ते तोवर झोपलेले असायचे.

उद्घाटनाला दोन दिवस राहिले. भिंत भरली होती. बोटभरही जागा उरली नव्हती. बाबा एकदाही कामाला आले नव्हते आणि आता काम संपलं होतं. बाईंनी मला जवळ घेतलं, पाठीवर हात ठेवला. मला तो हात नको होता. मला भिंतीवर बाबा हवे होते.

त्या संध्याकाळी बाई बसला गेल्या, पोरं पांगली, आणि मी निळीची करवंटी घेऊन बांबूच्या शिडीवरून स्लॅबवर चढले. वर जायला आम्हाला सक्त मनाई होती. माझा विचार असा की खाली जागा नाही, पण भिंतीच्या अगदी वरच्या कडेला, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, चांगली हातभर पट्टी पांढरी आहे. तिथवर खालून कुणाचा हात पोचत नव्हता. वरून माझा पोचला असता.

मातीचा बांध आणि स्लॅबची कड यांच्यामध्ये मी माझ्यापुरती जागा करून पोटावर झोपले, एक हात खाली सोडला आणि बाबांना काढायला लागले. उलटे. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. उलटं काढताना नाक डोळ्यांच्या वर येतं की खाली, याचा मला घोटाळा झाला, म्हणून मी दोन्हीकडे एकेक नाक काढून ठेवलं. सकाळी खालून बघून नको ते पुसता आलं असतं. घरच्या माणसाला काढायचं नाही हा नियम मोडतेय हे मला माहीत होतं. मला त्याची तिळमात्र लाज वाटत नव्हती.

इतक्यात आईची हाक आली. मी दचकून उठले आणि माझा पाय थेट बांधावर पडला. ओली चिकणमाती, पाय घोट्यापर्यंत आत. पाऊल काढून घेतलं तर बांधाला मोठी खाच, आणि खाचेत माझ्या पायाची पाचही बोटं उमटलेली. मी वाफ्यात पाहिलं. दिवसभराच्या उन्हाने पाणी आटून तळाला गेलं होतं, वाहण्यासारखं काही नव्हतं. मातीला काय होतंय, असं म्हणून मी सरसर खाली उतरले.

उद्घाटन तोंडावर आलं म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं बाईंबरोबर सकाळी सातलाच भिंतीपाशी आलो. भिंत रडत होती.

वरून पाण्याचे ओघळ येत होते, एकामागून एक. वरच्या पट्टीवरचे माझे दोन नाकांचे बाबा सगळ्यांत आधी गेले होते. त्यांची नीळ खालच्या सगळ्यांच्या अंगावर उतरली होती. गेरू वाहिला, पिवळी माती वाहिली, काजळीचे केस गालांवर आले. मामाची मिशी त्याच्या बेंबीपर्यंत पोचली होती. पेनवाल्या काकांचं पेन फुटल्यासारखं दिसत होतं. कुणी ओरडलं, कुणी रडायला लागलं, आणि पुढारीण पळत जाऊन तिच्या बापाला घेऊन आली.

"कोण हाय रं वर?" म्होरक्याने खालून आवाज टाकला.

वरून पाणी ओतल्याचा आवाज थांबला. स्लॅबच्या कडेवर एक डोकं आलं. बाबांचं.

"मी हाय," बाबा म्हणाले. हातात दोन डबे, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला.

"काय करतूस तिथं?"

"पाणी घालतोय."

"कुणी सांगितलं तुला?"

बाबांना प्रश्न कळला नसावा. ते म्हणाले, "रोजच घालतो की. कामावरनं येताना."

खाली एकदम आरडाओरडा सुरू झाला. लोक जमले होते. कुणी म्हणालं, पोरांची मेहनत मातीत घातली. कुणी म्हणालं, कामाला कधी आला नाही आणि आला तो नासधूस करायला. आई गर्दीत उभी होती. पुढारिणीच्या चित्रातला तिचा एकही दात आता दिसत नव्हता, आणि खऱ्या आईचाही दिसत नव्हता. मी भिंतीला टेकून उभी होते. बांध मी मोडला होता. तोंड उघडायचं होतं. मी, जी वस्तीत कुणालाही दोन सुनावून यायची, ती तोंड उघडू शकले नाही.

गवंडीमामा आला. त्याने आधी भिंतीवरची आपली मिशी बघितली, आणि शिडी चढला. मग थापीच्या दांड्याने स्लॅब ठोकल्याचा टणटण आवाज आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हा बांध कसा फुटला?" त्याचा आवाज आला.

मी डोळे मिटले. माझी पाच बोटं त्या मातीत होती.

"माजाच पाय पडला," बाबा म्हणाले.

मामाने कडेवरून खाली डोकं काढलं आणि म्होरक्याला विचारलं, "रोज पाणी कोन घालत हुतं म्हनला तुमी?"

म्होरका म्हणाला, "आमची माणसं."

"कोन मानसं?"

त्याने मागे वळून गुरुवारवाल्यांकडे पाहिलं. गुरुवारवाले एकमेकांकडे बघत होते. मामाने रविवारवाल्यांकडे बोट केलं. तिथेही जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला. मग कुणाला तरी हसू फुटलं.

"ह्या एकट्यानं घातलंय," मामा म्हणाला. "महिनाभर. एवढ्या उन्हात स्लॅबला केसाएवढा तडा न्हाई. बंद्या रुपयावानी वाजतोय. तुमच्या भरवशावर ऱ्हायलो असतो तर लेकरांच्या डोस्क्यावर पडला असता."

म्होरक्याने वर बघून विचारलं, "मग आरं भावा, बोलायचं न्हाई का?"

"न्हाई, ते मामा म्हनले हुते, सुकू द्यायचा न्हाई," बाबा म्हणाले. "मी जाताना ऐकलं. आन् येताना बगितलं तर सुकलेला." त्यांना यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. रिकामं भांडं दिसलं की भरायचं, त्यात बोलायचं काय?

मी हसत होते की रडत होते ते मला आजही सांगता येणार नाही.

बाईंनी तिथल्या तिथे एक चिठ्ठी लिहिली. घमेलं मागवलं, ती एकच चिठ्ठी त्यात टाकली, आणि घमेलं पोरांपुढून फिरवायला लागल्या. मी हात घातला तर माझ्या हातावर चापट मारली, "घरचं माणूस!" घमेलं पुढारिणीपुढे थांबलं. तिने चिठ्ठी उचलली, उघडली, आणि तिच्या तोंडावर जे काही आलं ते मला कुणी भिंतीवर काढून दिलं असतं तर बरं झालं असतं.

पण काम तिने चोख केलं, हे मान्य करायलाच हवं. गेरू, माती, काजळी आम्ही पुन्हा भरली, चेहरे पुन्हा काढले, पण नीळ काही जाईना. चुन्यात मुरली होती. घासली तशी आणखी पसरली. निळे ओघळ सगळ्यांच्या डोक्यांवरून खांद्यांवर, खांद्यांवरून पायांवर तसेच राहिले. बाई डोक्याला हात लावून बसल्या. पुढारीण भिंतीकडे एकटक बघत होती. ती म्हणाली, "बाई, ह्ये पाणीच दिसतंय की."

आणि तिच्या बापाने बाहेरून शिडी धरली, ती चढली, आणि वरच्या पट्टीवर तिने माझे बाबा काढले. सरळ, एका नाकाचे. हातात डबा, डबा तिरका, आणि डब्याच्या तोंडाला तिने पहिला निळा ओघळ नेऊन जोडला. झालं! सगळी वस्ती बाबांच्या हातचं पाणी घेत उभी होती. मग आम्हाला ऊत आला. कुणी आपल्या माणसाच्या हातात साबण दिला. कुणी छत्री दिली. स्कूटरवाल्यांच्या स्कूटरला फडकं दिलं. मावशींनी मागितलेला बारीकपणा एव्हाना पाण्यात वाहून गेला होता, त्या पुन्हा जाड झाल्या, पण त्यांच्या डोक्यावर तांब्या आला. मी मामाच्या मिशीला फेस लावला. बाई आधी "अरे, अरे" म्हणाल्या, मग त्यांनी स्वतः ब्रश घेऊन एका काकांच्या खांद्यावर टॉवेल काढला.

उद्घाटनाला आलेले पाहुणे भिंतीपुढे उभे राहून बराच वेळ बघत होते. त्यांनी विचारलं, "हे सगळे आंघोळ का करतायत?" गुरुवारवाले आणि रविवारवाले दोघेही एकदम उत्तर द्यायला पुढे झाले. पुढची कितीतरी वर्षं आमच्या शाळेला आजूबाजूचे लोक आंघोळीची शाळा म्हणायचे आणि आम्ही चिडायचो, पण मनातून नाही.

जूनमध्ये शाळा भरली त्या सकाळी बाबा कामावरून परस्पर तिथेच आले. भिंतीपुढे उभे राहिले, मान वर करून. मी शेजारी जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता ते नाकाबद्दल बोलतील, कपड्यांबद्दल बोलतील. त्यांनी आपलं तोंड बघितलंच नाही. ते डब्याकडे बघत होते.

"पाणी बक्कळ काढलंय," ते म्हणाले. "बरं केलं."

मग आम्ही वळलो. त्यांना झोपायचं होतं, मला वर्गात जायचं होतं. दोन पावलं गेल्यावर ते थांबले.

"गुरुवारी तुला चपला घ्यायच्यात. मागल्या मापाच्या नकोत." त्यांनी डाव्या हाताची वीत माझ्यापुढे धरली आणि तिच्यापुढे उजव्या हाताची दोन बोटं जोडली. "पाय एवढा झालाय तुजा. मी मोजलाय."

एवढं बोलून त्यांनी हात खाली केले. त्या सकाळी मामा शिडी चढायच्या आधीच त्यांनी बांधातली ती पाच बोटं मोजून हाताने लिंपून टाकली होती, हे मला तेव्हा, तिथे उभ्या उभ्या कळलं. ते घरी गेले आणि मी वर्गात जाऊन बसले.

गुरुवारी आम्ही पिंपरीच्या बाजारात गेलो आणि चपला त्या मापाच्याच घेतल्या.